टिपणीस मास्तरांनी घेतलेली माणसं

"आम्ही सर्व शिक्षक यापुढे बर्वे सरांना एप करू," असं मी भर सभेत इंग्रजीतून जाहीर केलं आणि वर पहिली टाळी स्वतःच वाजवली.

खुलासा करतो. पन्नास सालाच्या आगेमागेची गोष्ट. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या शाळेचे हेडमास्तर बर्वे सर निवृत्त होत होते. समारंभाला शिक्षणखात्यातले एक जुने अधिकारी अध्यक्ष म्हणून यायचे होते, म्हणून एक तरी भाषण इंग्रजीत हवं असं ठरलं. साहेब देश सोडून गेला होता, पण ते इंग्रजीला अजून कोणी कळवलं नव्हतं. इंग्रजी शिकवणारे टिपणीस मास्तर "मला भाषण येत नाही" म्हणून मोकळे झाले आणि गणिताचा पाटणकर, म्हणजे मी, पुढे ढकलला गेलो. शेवटी फक्त एवढंच म्हणायचं होतं की आम्ही सरांचं अनुकरण करू. कोशात अनुकरणाला चार-पाच शब्द निघाले. गणितवाल्याला उत्तर जितकं लहान तितकं बरं वाटतं. मी सगळ्यात लहान शब्द उचलला. त्या शब्दाचा पहिला अर्थ मोठं माकड असा आहे, हे कोशाने वरच्याच ओळीत दिलं होतं. मी खालची ओळ वाचली होती.

अध्यक्षांना ठसका लागला. मागच्या बाकांवर मॅट्रिकची पोरं होती, ती आधी एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली. बर्वे सर उत्तराला उभे राहिले, मिशीवरून एक बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाटणकरांनी आज मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. पण त्यांचं इंग्रजी ऐकल्यावर वाटतं, बाकीची मंडळी आधीच वर बसलेली असावीत."

घरी आल्यावर हिने विचारलं, "कसं झालं भाषण?"

"लोक पुष्कळ हसले."

"विनोदी होतं का?"

"शेवटी झालं," मी म्हटलं.

त्या सभेत एकच माणूस हसला नाही. टिपणीस मास्तर.

दुसऱ्या दिवशी माझा एक तास रिकामा होता. शिक्षकांच्या खोलीत मी एकटाच तोंड लपवून बसलो होतो. मास्तर आले, दार लोटलं आणि म्हणाले, "पाटणकर, ते क्रियापद कोशातून येत नाही. करून बघावं लागतं. उठा बघू." मी उठलो. त्यांनी हळूच, एखाद्याची छत्री मागावी तशा सुरात विचारलं, "घेऊ का तुम्हाला?"

गॅदरिंगमधल्या त्यांच्या नकला मी लांबून पाहिल्या होत्या, पण हे 'घेणं' ठाऊक नव्हतं; मला वाटलं, खांद्यावर घेणार. मी म्हटलं, "घ्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. गळ्याच्या खाली, बटणापाशी कुठेतरी बघत राहिले. मग पाटी पुसावी तसा तळहात स्वतःच्या चेहऱ्यावरून खाली ओढला. आणि माझ्यासमोर मी उभा होतो. अंगलट माझी नव्हती, कोट माझा नव्हता, तरी तो मीच. बोलण्याआधी मी करंगळीने चष्म्याची दांडी वर ढकलतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मास्तरांना चष्मा नव्हता. तरी करंगळी गेली, आणि नाकावर काहीतरी वर सरकलं असं मला स्पष्ट दिसलं. आरशात माणूस निदान उलटा दिसतो, म्हणून सोसतो. हा सुलट होता.

मग त्यांनी मला माझ्यावरच ती क्रियापदं शिकवली. आधी माझी चाल नुसती झुलवली, हात लोंबवले. "हे एप." मग तीच चाल बरोब्बर चालून दाखवली. तेवढ्यात दार उघडून घंटेवाला शिपाई आत डोकावला, तो फिस्सकन हसला. "हे मिमिक. लोकांसाठी करायचं." मग खडू घेऊन फळ्यावर माझ्या वळणाचा सात काढला. एकदा चुकला, पुसला, पुन्हा काढला. "हे इमिटेट. शिकण्यासाठी." आणि मग ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. काहीच केलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो, तेही तिकडेच बघायला लागले.

"आणि हे एम्युलेट," मास्तर म्हणाले. "यात माणसाकडे बघायचं नाही. माणूस जिकडे बघतोय तिकडे बघायचं, आणि तिथे त्याच्याआधी पोचायला निघायचं. लायक माणसालाच हे लावतात. बर्वे सरांसाठी तुम्हाला हे हवं होतं."

एवढं बोलून ते कोपऱ्यातल्या माठापाशी गेले, भांडंभर पाणी घेऊन खिडकीबाहेर तोंड धुतलं आणि रुमालाने पुसत म्हणाले, "सोडलं तुम्हाला. घ्या."

माझ्या खांद्यांवरून गार वारं गेल्यासारखं झालं. पुढे दोन-तीन दिवस करंगळी चष्म्याला लावायचा मला धीर होईना. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मी फळ्याकडे मान वर करून बघतोय. पोरं म्हणत, पाटणकर सर आता आकाशात गणितं मांडतात.

मास्तर दिसायला कसे होते, हे मला कोणी विचारलं तर पंचाईत होते. गोरे म्हणावेत तर तसे नाही, काळे नाहीत, उंची बेताची. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आठवतो, पण वर चेहरा आणायला गेलो की दुसऱ्याच कोणाचा तरी येतो. शाळेचे दरवर्षी गॅदरिंगला फोटो निघत. त्यांत मास्तर ज्याच्या शेजारी बसले असतील त्याचे धाकटे भाऊ वाटत. बोलणंही तसंच. चार माणसांत बसले की आवाज हळूहळू शेवटी बोललेल्या माणसाकडे घसरत जाई. संस्कृतच्या शास्त्रीबुवांनंतर बोलायला लागले की अनुनासिकात, ड्रिल मास्तरांनंतर छाती काढून. त्यांचं ते होत असे. कळलं की लाजून गप्प बसत.

लग्न केलं नव्हतं. एकदा कल्याणला मुलगी बघायला गेले होते म्हणतात. पोहे खाता खाता मुलीच्या वडिलांशी राजकारणावर बोलत बसले. मुलीने आतून निरोप पाठवला, "मला एक बाबा पुरेत."

वर्गात मात्र त्यांना तोड नव्हती. क्रियापद सांगायचं नाही, करायचं. त्यासाठी मुलांना घेत, पण विचारल्याशिवाय कधीच नाही. "घेऊ का रे तुला?" पोरगं "हो सर" म्हणालं तरच. बायकांना घेत नसत. "त्यांना विचारायचं कसं?" म्हणत. आणि गेलेल्या माणसाला कधी घेत नसत. शास्त्रीबुवा वारले तेव्हा पोरांनी फार गळ घातली की एकदा त्यांचा श्लोक म्हणून दाखवा. मास्तर म्हणाले, "आणि परत कोणाला देऊ?" पोरं आपापल्या वह्या उघडून बसली. मीही तेव्हा व्हरांड्यातून चाललो होतो, तो जरा भरभर चालायला लागलो.

एकदा बाळकुमकडचे हिराजी पाटील शाळेत भांडायला आले. मिठागरावर आयुष्य काढलेला धिप्पाड आगरी माणूस, मुलगा इंग्रजीत नापास झालेला. "साहेब जेला ना? मंग यो इंग्रजी कशाला पायजे?" म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला.

टिपणीस मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब गेला म्हणूनच आता कळेल पाटील, आपण त्याच्याकडून शिकलो की नुसती त्याची नक्कल केली. त्याला इंग्रजीत दोन शब्द आहेत. दाखवतो. घेऊ का तुम्हाला?"

"घे की! तू मना काय घेतोस? मी दोन मनाचा हाय."

मास्तरांनी चेहऱ्यावरून हात ओढला. उजवा खांदा खाली गेला, मान किंचित डावीकडे, जणू डोक्यावर मिठाची भरलेली पाटी आहे. टेबलावर हात आपटला. आम्ही सगळे हसलो. हिराजीही हसले, "यो त मीच! मंग मी कोन?" आणि हसता हसता थांबले. मास्तरांच्या खांद्याकडे बघत राहिले.

"यो खांदा माझा नाय," ते हळू आवाजात म्हणाले. "यो माझे बापाचा हाय. तो असा उभा ऱ्हायचा. तू कवा बगितलास त्याला? तू त ठाण्यात नवीन."

"मी नाही बघितला," मास्तर म्हणाले. "तुम्ही त्यांना घेतलंय, पाटील. मी फक्त तुम्हाला घेतलं."

हिराजींनी डोक्यावरची टोपी काढली. मास्तरांना का बापाला, कोण जाणे, हात जोडले आणि न भांडता निघून गेले. पुढे दर उन्हाळ्यात मास्तरांच्या दारात मिठाचं मडकं येई. एकटा माणूस मीठ खाणार किती? त्यातलं निम्मं आमच्या घरी येई, आणि हिने लोणचं घातलं की म्हणे, "या मिठाला जरा जपून. कोणाकोणाचं खाल्लंय कळत नाही."

मास्तर नौपाड्यातच एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एका खोलीत राहत. एका शनिवारी दुपारी मी पेपर तपासण्याच्या कामासाठी त्यांच्याकडे गेलो. जिना चढताना वरून बोलणं ऐकू आलं. आमची शिक्षकसभा चालली होती. ड्रिल मास्तर खेकसत होते, नवे हेडमास्तर घसा खाकरत होते, आणि मधेच मी बोललो, "छे हो, भूमितीचा तास शेवटी नको, पोरं झोपतात." जिन्यात उभ्या असलेल्या मी कठडा धरला. पायाखालची पायरी आहे की नाही ते चाचपून बघितलं.

दार उघडंच होतं. मास्तर एकटेच, पाटावर बसून विळीवर दुधी चिरत होते. मला बघून ओशाळले.

"मास्तर, कोण आलं होतं?"

"कोणी नाही. दिवसभराचं उरतं थोडं थोडं. घरी आलो की उतरवून ठेवतो." मग दुधीची फोड हातात धरून म्हणाले, "पाटणकर, मी मुद्दाम नाही हो करत. तुमचं जरा राहिलं होतं."

मी म्हटलं, असो, माझं काय, राहू दे. पण भूमितीबद्दल मी कोणाशीच काही बोललो नव्हतो. पुढच्या मंगळवारी खरी सभा झाली. नव्या हेडमास्तरांनी वेळापत्रक वाचायला घेतलं आणि कोणीतरी म्हणालं, "छे हो, भूमितीचा तास शेवटी नको, पोरं झोपतात." सगळे माझ्याकडे बघत होते. बोललो मीच होतो. समोर टिपणीस मास्तर मान खाली घालून बसले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

हे मी घरी सांगितलं. ही म्हणाली, "त्यात काय? तुम्ही काय बोलणार हे मलाही आधीच ठाऊक असतं." संसारी माणसाला भुताची भीतीसुद्धा सुखाने बाळगता येत नाही.

बर्वे सरांनी निवृत्तीनंतर डोंबिवलीला दोन खोल्या बांधल्या होत्या. भोवती भातखाचरं, पाणी विहिरीचं, संध्याकाळनंतर कंदील. तिकडे घर बांधलं म्हटलं की ठाण्यातले लोक "कोल्हे येतात ना हो?" असं विचारत. वर्षभराने एके सकाळी सर ओट्यावर वर्तमानपत्र वाचता वाचता कलंडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

आम्ही भेटायला गेलो, मी, ही आणि टिपणीस मास्तर. सर खाटेवर उशांना टेकून होते. ज्या आवाजाने सगळी शाळा उभी राहायची, त्यातून आता नुसतं "ब… ब…" येत होतं. सरांच्या पत्नी, त्यांना आम्ही माई म्हणत असू, ताठ बसून त्यांना फीडिंग कपाने दूध पाजत होत्या.

"सगळं कळतं हो त्यांना," माई म्हणाल्या. "बाहेर येत नाही. डॉक्टर म्हणतात, लहान मुलाला शिकवतात तसं शिकवा, सारखं ऐकवा. मी ऐकवते. पण माझा आवाज ऐकून हे भिंतीकडे तोंड करतात. त्यांचं तरी काय चुकलं? चाळीस वर्षं ऐकताहेत." मग त्यांनी कप खाली ठेवला. "टिपणीस, गॅदरिंगमध्ये तुम्ही यांना घेत होतात ना?"

मास्तर एक पाऊल मागे सरले. "माई, तेव्हा सर पहिल्या रांगेत बसून हसत असत. असं, आजारी माणसासमोर…"

"त्यांचा आवाज आता फक्त तुमच्याकडे आहे," माई म्हणाल्या.

  मास्तर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. "सर, घेऊ का?" सरांचा डावा हात थोडा उचलला गेला आणि पडला. तो होकार होता की नकार, मला आजवर कळलेलं नाही.

मास्तरांनी चेहऱ्यावरून हात ओढला.

"शांत! पाटणकर, ती खिडकी उघडा."

मी उठून खिडकी उघडली. उघडल्यावर लक्षात आलं की सर खाटेवर आहेत, त्यांचे ओठ बंद आहेत, आणि ते मास्तरांकडे बघताहेत. आपला कोट घालून दुसराच माणूस रस्त्याने चालला आहे आणि आपल्याला हाक मारता येत नाही, असं ते बघणं होतं. मग डाव्या हाताने त्यांनी कप उचलला आणि मास्तरांच्या अंगावर फेकला. कोटावर दूध ओघळलं.

हिने माझी बाही धरली. माईंनी कप उचलला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "चालू ठेवा."

तेव्हापासून दर रविवारी मास्तर डोंबिवलीला जायला लागले. मीही बरेचदा सोबत जाई. समोरासमोर बसायचे. मास्तर सरांच्या आवाजात एक शब्द म्हणत आणि सर त्यावरून म्हणायचा प्रयत्न करत. 'पाणी.' 'बसा.' 'घंटा.' ज्याची नक्कल, तोच आता नकलेची नक्कल करत होता. आधी सरांचं नुसतं हंबरणं. गौरी-गणपतीच्या सुमाराला शब्दाची शेपूट हाती लागली. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की मी कुंपणापाशी चप्पल झटकत असताना आत दोन बर्वे सर बोलताहेत असं ऐकू येई, आणि कोण कोणाच्या मागून म्हणतोय ते सांगता येत नसे. शेजारचा दूधवाला रतीब घालायला ओट्यावर यायचा, तो रविवारी कुंपणावरूनच भांडं द्यायला लागला.

जाताना मास्तर तोंड धुवत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "आता परतच देतोय ना. धुवायचं काय?"

आणि खरंच, इकडे शाळेत ते रिते होत चालले. वर्गात 'चालणे' करून दाखवताना कोणाचीच चाल येईना. "घेऊ का?" विचारायचे, पोरगं हो म्हणायचं, मास्तर त्याच्या बटणाकडे बघत राहायचे आणि मग "बस खाली" म्हणायचे. पोरांना दया नसते. म्हणाली, "मास्तरांचं दुकान उठलं."

थंडीच्या सुरुवातीला एका रविवारी ही माझ्याबरोबर आली होती. माईंनी तिला मागच्या विहिरीवर नेलं.  घरी आल्यावर ही म्हणाली, "माई ते बंद करणार आहेत. मास्तरांना नका येऊ म्हणून सांगणार आहेत."

"का? सर आता वाक्यं बोलायला लागलेत!"

"म्हणूनच," ही म्हणाली. "रोज दिवेलागणीला माई आत आल्या की सर विचारतात, दमलीस का?"

"मग?"

"मग काय? चाळीस वर्षांत एकदा विचारलेलं नाही. माई म्हणाल्या, हे वाईट नव्हते गं, पण हे वाक्य यांच्यात नव्हतं. ते टिपणिसांचं आहे. माझ्या नवऱ्याच्या तोंडून मला आता कोण विचारतंय? त्या उत्तर देत नाहीत. महिनाभर स्वयंपाकघरात निजतात. परका पुरुष घरात असल्यासारखं वाटतं म्हणाल्या."

 शिकवणी थांबवली तर सर अर्ध्या वाटेवर अडकणार, आणि चालू ठेवली तर माईंना नवरा म्हणून कोण परत मिळणार?

पुढच्या रविवारी हिला बरं नव्हतं, म्हणून मी आणि मास्तर दोघेच गेलो. माई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला आत घेतलं, पण स्टूल दिलं नाही.

"टिपणीस, एक विचारते. खरं सांगायचं. ते 'दमलीस का' तुम्ही घातलंत ना?"

मास्तर गोंधळले. "घातलं? नाही माई. मी घालत नाही कधी. घेतलं तेच देतो."

"हे असं कधी बोलत नव्हते."

"बोलत होते," मास्तर म्हणाले. "शाळेत. सगळे गेल्यावर, घरी निघताना. ऑफिसात आरशासमोर टोपी घालायचे आणि आरशात बघून हळूच एकदा म्हणायचे, दमलीस का. मग घसा साफ करून निघायचे. रोज. मी बाहेर वह्यांचा गठ्ठा घेऊन उभा असे, म्हणून ठाऊक. घरी पोचेपर्यंत त्यांचा धीर सुटत असेल, ते मला काय माहीत? पण मी घेतलं त्यात ते होतं, माई. देताना वगळू कसं?"

माईंनी खाटेकडे पाहिलं. "खरं का हो हे?"

सरांनी ना माईंकडे पाहिलं ना मास्तरांकडे. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, तिथे काहीतरी टांगलेलं असावं तसे. तोंड हललं, आवाज आला नाही. पुन्हा हललं. मी तेव्हा मास्तरांच्या ओठांकडे डोळे लावून बसलो होतो, हे मी शपथेवर सांगेन. ते ओठ मिटलेले होते.

"द… दमलीस का?" सर म्हणाले. नीट आलं नाही. मधे फाटलं, शेवटी ओघळलं. मास्तरांनी शिकवलेल्या त्या घोटीव आवाजात ही फाट कधी नव्हती.

माई उभ्याच होत्या.  मग खाटेच्या कडेवर बसल्या, सरांच्या पांघरुणाचं टोक सारखं केलं आणि म्हणाल्या, "हो. दमलेय. केव्हाची दमलेय हो मी."

मी आणि मास्तर पाय न वाजवता बाहेर आलो.

खाचरांच्या बांधावरून स्टेशनकडे चालताना मला फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं की मला नको ते आठवतं. मी म्हटलं, "मास्तर, पण ऑफिसात आरसा कुठे होता? टोपीच्या खुंटीशेजारी तर हिंदुस्थानचा नकाशा होता."

ते थांबले. "आरसा नव्हता?"

"नव्हता. मीच दर महिन्याला तिथे हजेरीपट घेऊन जायचो."

"मग ते कशात बघून म्हणायचे?" त्यांनी मला विचारलं.  "पाटणकर," ते म्हणाले, "मला तर तो स्पष्ट दिसतो. चौकट, त्यावरचा डाग, सगळं. त्यात तोंडही दिसतं." मग जरा वेळाने, "सरांचंच असणार ना?"

त्यांचा आवाज ऐकून मी चमकलो. तो सरांचा नव्हता, शास्त्रीबुवांचा नव्हता, माझाही नव्हता. बारीक, थोडा घोगरा, वापरात नसलेला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकत होतो.

"माझी गाडी येईल," ते म्हणाले, जरी आमची गाडी एकच होती. आणि बांधावरून पुढे निघाले. उन्हं उतरली होती. कोणाचीही नाही अशी एक चाल होती ती. भरभर, मधेच अर्धं पाऊल चुकवणारी, निरोप घेऊन पाठवलेल्या माणसासारखी. मी हाक मारली नाही. मागे वळले असते तर कोणाचा चेहरा दिसला असता, याची मला खात्री नव्हती.

मास्तरांना मी पाहिलं ते शेवटचं. सोमवारी ते शाळेत आले नाहीत, राजीनामा टपालाने आला. खोलीचं सामान एक भाचा येऊन घेऊन गेला. मास्तर कुठे गेले ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. बर्वे सर पुढे कैक वर्षं बोलत राहिले, त्याच फाटलेल्या आवाजात, आणि माई त्यांना उत्तरं देत राहिल्या.

त्या रविवारी मी एकटाच घरी पोचलो तेव्हा दिवे लागत होते. ही अंगात कणकण असूनही शेगडीपाशी बसून भाकऱ्या थापत होती, पाठ माझ्याकडे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. लग्नाला आमच्याही बरीच वर्षं झाली होती. घसा साफ केला आणि म्हटलं, "दमलीस का?"

हिचा हात भाकरीवर थांबला. मागे वळून न बघता तिने पदर सावरला आणि म्हणाली, "अगबाई, टिपणीस मास्तर! या ना. कधी आलात?"